रंग, उजेड आणि ऑक्सिजन : चिघळलेल्या जखमेवरचा एक वेगळा उपचार

पायावरची जखम महिनोन्महिने भरत नाही. रोज ड्रेसिंग चालू आहे, अँटिबायोटिकचे दोन-तीन कोर्स होऊन गेले आहेत, आणि मग पूचा कल्चर रिपोर्ट हातात येतो. वर जंतूचं नाव, खाली औषधांची यादी आणि प्रत्येक औषधापुढे एक अक्षर. ‘एस’ असेल तर जंतू त्या औषधाला दाद देतो, ‘आर’ असेल तर नाही. ज्यांच्या घरात शुगरचा पेशंट आहे त्यांनी हा कागद कधी ना कधी पाहिलेला असतो. ‘आर’ची रांग लांबली की डॉक्टरांचा चेहरा कसा बदलतो, तेही पाहिलेलं असतं.

या लेखात ज्या उपचाराबद्दल सांगायचं आहे, त्याचं या रांगेवाचून फारसं अडत नाही. जंतू कुठल्या औषधाला पुरून उरला आहे हे तो विचारत नाही, कारण त्याची मारण्याची रीतच निराळी आहे. जखमेवर एक विशिष्ट रंग लावायचा, काही मिनिटं थांबायचं आणि त्या रंगाला जुळणारा उजेड जखमेवर सोडायचा. वैद्यकीय नाव आहे अँटिमायक्रोबियल फोटोडायनॅमिक थेरपी. इथे आपण त्याला रंग-उजेड उपचार म्हणू. आत नेमकं काय घडतं हे समजलं, की त्याच्याकडून कशाची आशा धरायची आणि कशाची नाही, हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरत नाही.

उजेडाने जंतू मरतात, हे अँटिबायोटिकच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. 1877 साली इंग्लंडमध्ये डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी दाखवलं, की उन्हात ठेवलेल्या काचनळ्यांमध्ये जंतूंची वाढ खुंटते, आणि अंधारात ठेवलेल्या तशाच नळ्या मात्र गढूळ होतात. पुढे डेन्मार्कमध्ये नील्स फिन्सेन या डॉक्टरने उजेड थेट रुग्णांवर वापरला. तेव्हा त्वचेचा क्षयरोग लोकांचे चेहरे खाऊन टाकायचा. फिन्सेनने 1896 मध्ये कोपनहेगनला आपली संस्था काढली आणि कार्बन आर्क दिव्याचा प्रखर उजेड भिंगांमधून एकवटून तो त्या डागांवर सोडायला सुरुवात केली. परिचारिका रुग्णाच्या गालावर पाण्याने गार ठेवलेली एक पारदर्शक चकती दाबून धरायची. हेतू असा, की त्या जागेतलं रक्त बाजूला सरावं. रक्त उजेड गिळून टाकतं, हे फिन्सेनने ताडलं होतं. बैठका लांबलचक असत आणि महिनोन्महिने चालत. पण चेहरे बरे झाले, आणि 1903 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं.

फिन्सेनला वाटत होतं, की हे काम अतिनील किरणांचं आहे. शंभर वर्षांनी, 2005 मध्ये, डॅनिश संशोधकांनी त्याची जुनी उपकरणं तपासली तेव्हा कळलं, की जंतू मारणारे आखूड लांबीचे अतिनील किरण त्या भिंगांतून आणि गाळण्यांतून बाहेर पडतच नव्हते. मग क्षयाचे जंतू मेले कशाने? उत्तर बहुधा जंतूंच्याच पोटात होतं. त्यांच्यात पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं असतात, आणि ती उजेड शोषून घेतात.

याच सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी हर्मन फॉन टाप्पायनर या प्राध्यापकाच्या हाताखाली काम करत होता. पॅरामेशियम या एकपेशीय जीवावर ॲक्रिडीन रंगाचा काय परिणाम होतो, हा त्याचा विषय. 1897-98 च्या हिवाळ्यात त्याला एक कोडं पडलं. रंग तोच आणि तितकाच, पण कधी जीव चटकन मरत, कधी बराच वेळ तग धरत. फरक निघाला तो प्रयोगशाळेतल्या उजेडाचा. नुसता रंग त्या प्रमाणात मारत नव्हता, नुसता उजेडही मारत नव्हता. दोन्ही एकत्र आले की मात्र जीव वाचत नव्हते. पुढे फॉन टाप्पायनरच्या प्रयोगांतून तिसरी अटही निघाली : ऑक्सिजन नसेल तर काहीच होत नाही. ‘फोटोडायनॅमिक’ हा शब्द 1904 मधला, त्याचाच.

मला या सगळ्या गोष्टीत ही तिसरी अट सर्वांत महत्त्वाची वाटते. नाव उजेडाचं होतं, पण मारतो तो ऑक्सिजन.

ते कसं, ते बघू. रंगाच्या रेणूवर त्याला जुळणारा उजेड पडला की रेणू ती ऊर्जा शोषतो आणि उत्तेजित होतो. ही जास्तीची ऊर्जा त्याला फार काळ सांभाळता येत नाही. शेजारी ऑक्सिजनचा रेणू असेल तर ती त्याच्याकडे जाते. एरवी शांत असलेला ऑक्सिजन त्यामुळे एका चिडक्या अवस्थेत येतो. त्याला सिंगलेट ऑक्सिजन म्हणतात. हा जे समोर येईल त्याला जाळत सुटतो : जंतूच्या आवरणातली स्निग्धद्रव्यं, प्रथिनं, जवळ असेल तर डीएनएसुद्धा. काही वेळा ऊर्जेऐवजी इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होते आणि हायड्रॉक्सिल रॅडिकलसारखे दुसरे तितकेच दाहक पदार्थ तयार होतात. पाण्यात सिंगलेट ऑक्सिजनचं आयुष्य जेमतेम काही मायक्रोसेकंद. तेवढ्यात तो एका जंतूच्या लांबीइतकंही अंतर कापू शकत नाही. म्हणजे रंग जिथे चिकटला असेल, नाश तिथेच होतो.

अँटिबायोटिकशी तुलना केली की यातलं वेगळेपण दिसतं. बहुतेक अँटिबायोटिकं जंतूच्या एखाद्याच कळीच्या जागी बसतात. जंतूने ती जागा बदलली, औषध बाहेर फेकायचा पंप बसवला किंवा औषध तोडणारं विकर बनवलं, की औषध निकामी. इथे एकाच वेळी पन्नास ठिकाणी आग लागते, त्यामुळे एखादा बदल करून सुटका होत नाही. एमआरएसए हा बऱ्याच अँटिबायोटिकांना दाद न देणारा कुप्रसिद्ध स्टॅफिलोकोकस जंतू आणि त्याचा साधा भाऊ, दोघेही या माऱ्याला बऱ्याच अंशी सारखेच बळी पडतात. याचा अर्थ जंतू कधीच सावरणार नाहीत असा नाही. निळ्या उजेडाचा अर्धवट मारा पुन्हा पुन्हा केल्यावर काही जंतूंची सहनशक्ती वाढल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणून मात्रा पुरेशी देणं इथेही गरजेचंच.

आता कुणीही विचारेल : जंतू जळतो, मग आपल्या पेशी का जळत नाहीत? थोड्याफार जळू शकतातच. बचाव होतो तो वेळेमुळे आणि विद्युतभारामुळे. जंतूंच्या बाहेरच्या आवरणावर ऋणभार असतो. धनभार असलेला रंग त्यांना मिनिटांत चिकटतो, तर आपल्या पेशी तो रंग सावकाश आत घेतात. म्हणून रंग लावल्यावर 5 ते 15 मिनिटांतच उजेड सोडायचा. घाई करायची ती याचसाठी.

धनभाराची ही युक्ती सापडायला बरीच वर्षं गेली. स्टॅफिलोकोकससारखे ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू जवळपास कुठल्याही अशा रंगाने मरत होते. पण स्यूडोमोनास, क्लेबसिएला, ई. कोलाय, ॲसिनेटोबॅक्टर हे ग्रॅम-निगेटिव्ह जंतू दाद देत नव्हते, कारण त्यांना आणखी एक बाहेरचं कवच असतं आणि ते रंगाला अडवतं. आपल्याकडच्या भाजलेल्या आणि मधुमेही जखमांमध्ये नेमके हेच जंतू डोकेदुखी होऊन बसतात. हिरवट पू आणि तो विशिष्ट वास असलेली स्यूडोमोनासची जखम ज्यांनी बांधली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. 1990 च्या दशकात लक्षात आलं, की धनभारित रंग हे कवच उसकटून आत शिरतात. अँटिबायोटिकं निकामी होऊ लागल्याची काळजी तेव्हा वाढत होती, आणि पेनिसिलिननंतर अडगळीत पडलेला हा विषय पुन्हा टेबलावर आला.

या कामाला लागणारा एक रंग अगदी जुना आणि स्वस्त आहे : मिथिलीन ब्लू. 1876 साली जर्मनीत तो कापड रंगवण्यासाठी तयार झाला, 1891 मध्ये पॉल एर्लिखने तो मलेरियावर वापरून पाहिला, आणि रक्तातल्या एका विशिष्ट बिघाडावर उतारा म्हणून आजही तो रुग्णालयांत असतो. तो निळा दिसतो कारण तो लाल उजेड शोषतो, साधारण 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा. ही सोयीची गोष्ट आहे. लाल उजेड कातडीत निळ्यापेक्षा जास्त खोल जातो, काही मिलिमीटरपर्यंत. निळा उजेड एखाद्या मिलिमीटरच्या आसपासच थबकतो. टॉर्च तळहाताखाली धरला तर बोटांच्या कडेने लालच उजेड बाहेर येतो, तो याच कारणाने.

प्रत्यक्ष बैठक कशी असते? आधी जखम धुतात, मेलेलं मांस आणि पिवळट थर काढून टाकतात. हे टाळून चालत नाही. रक्त आणि पू उजेडही गिळतात आणि तयार झालेला दाहक ऑक्सिजनही वाया घालवतात. फिन्सेनची परिचारिका चकती दाबायची त्यामागची अडचण आजही तीच आहे. मग रंगाचं द्रावण किंवा जेल जखमेवर आणि कडांच्या खाचांमध्ये नीट पसरवतात. ठरलेली मिनिटं झाल्यावर जास्तीचं पुसून घेतात. रुग्ण आणि कर्मचारी दोघांनाही चष्मे देतात. एलईडीचा पॅनल जखमेपासून ठरावीक अंतरावर धरतात. उजेडाची मात्रा ज्यूलमध्ये मोजतात. समजा प्रत्येक चौरस सेंटिमीटरला 50 ज्यूल द्यायचे आहेत आणि दिवा तेवढ्या जागेवर 100 मिलिवॉट टाकतो, तर 500 सेकंद लागतील, म्हणजे आठ मिनिटांहून थोडं जास्त. थोडी आग होऊ शकते. नंतर नेहमीसारखं ड्रेसिंग.

एका बैठकीत भागत का नाही, हे एका हिशोबाने कळतं. जखमेच्या एका ग्रॅम मांसात एक लाखाहून जास्त जंतू असले तर ती भरायला अडचण येते, असा जुना ठोकताळा आहे. समजा एक कोटी जंतू आहेत आणि उपचाराने 99.9 टक्के मेले. ऐकायला फारच छान. पण दहा हजार उरलेच. जंतूंची संख्या दहा वेळा दुप्पट झाली की ती हजारपट होते, आणि प्रयोगशाळेत अनुकूल परिस्थितीत स्टॅफिलोकोकस अर्ध्या तासात दुप्पट होतो. जखमेत वाढ सावकाश असते, तरी दिवा बंद झाला की मारणं थांबतं, हे खरंच. गोळीसारखा याचा असर रक्तात रेंगाळत नाही. म्हणून बैठका पुन्हा पुन्हा घ्याव्या लागतात आणि मधल्या दिवसांची स्वच्छता तितकीच महत्त्वाची ठरते.

तरीही जुनाट जखमेत याचं मोल आहे, ते बायोफिल्ममुळे. सकाळी उठल्यावर दातांवर जिभेला जो बुळबुळीत थर लागतो, तोही बायोफिल्मच. जंतू स्वतःभोवती साखरेच्या आणि प्रथिनांच्या चिकट जाळ्याचं घर करतात. आत ते सुस्त पडून राहतात, आणि वाढत्या जंतूंवर मारा करणारी अँटिबायोटिकं सुस्त जंतूंवर बोथट ठरतात. बऱ्या न होणाऱ्या बहुतेक जखमांमध्ये असा थर सापडतो. सिंगलेट ऑक्सिजनला जंतू सुस्त आहे की जागा याने फरक पडत नाही, आणि तो त्या जाळ्यालाही कुरतडतो. मात्र थर जाड असेल तर रंगच तळापर्यंत झिरपत नाही. म्हणून पुन्हा तेच : आधी खरवडून साफ करा.

माणसांवर काय दिसलं आहे? ब्रिटनमध्ये 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 32 रुग्ण होते, 16 जणांना शिरांच्या विकारामुळे झालेली पायाची जखम आणि 16 जणांना मधुमेही पावलाची. निम्म्यांना खरा रंग, निम्म्यांना बिनरंगाचं औषध, आणि सगळ्यांना लाल उजेड. खरा रंग लावलेल्यांच्या जखमेतले जंतू लगेच कमी झाले. तीन महिन्यांनी, शिरांच्या जखमा असलेल्या गटात खरा उपचार मिळालेल्या 8 पैकी 4 जखमा पूर्ण भरल्या होत्या, दुसऱ्या बाजूला 8 पैकी 1. आशादायक आहे, पण आठ-आठ माणसांवरून नियम ठरत नाही. ब्राझीलमधल्या 2014 च्या एका अभ्यासात मधुमेही पावलाच्या 18 रुग्णांना हा उपचार दिला आणि त्यांतल्या एकाचाच पायाचा भाग कापावा लागला. नेहमीचा उपचार मिळालेल्या 16 च्या 16 जणांचा कापावा लागला. इतका टोकाचा फरक दिसला की मी आधी थबकतो. दोन्ही गटांतले रुग्ण मुळात सारखे होते का, हा प्रश्न अशा आकड्यांना विचारावाच लागतो. मोठ्या, काटेकोर चाचण्या झाल्याशिवाय कुणी छातीठोकपणे बोलू नये.

जखम होण्याआधीच हा उपाय वापरल्याचं उदाहरण कॅनडातलं आहे. व्हँकुव्हरच्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या नाकात मिथिलीन ब्लू लावून लाल उजेड सोडत, कारण स्टॅफिलोकोकसचा मुक्काम बहुधा नाकात असतो. जोडीला जंतुनाशकाने अंग पुसत. तीन हजारांहून जास्त रुग्णांमध्ये टाके पडलेल्या जागी जंतुसंसर्गाचं प्रमाण 1.6 टक्के राहिलं, आधीच्या काळात ते 2.7 टक्के होतं.

निळ्या उजेडाची पद्धत याचीच बहीण, फक्त तिच्यात रंग बाहेरून लावावा लागत नाही. 405 ते 415 नॅनोमीटरचा जांभळट निळा उजेड जंतूंच्या स्वतःच्या पॉर्फिरिनना पेटवतो. मुरुमांचे जंतू पॉर्फिरिन भरपूर बनवतात, म्हणून मुरुमांवर हा उजेड बऱ्याच वर्षांपासून वापरात आहे. याच गुणाचा दुसरा उपयोग मला फार आवडतो. अंधाऱ्या खोलीत जखमेवर जांभळा उजेड टाकला की पॉर्फिरिन असलेले जंतू लालसर चमकतात आणि स्यूडोमोनास निळसर हिरवा. जखम स्वच्छ दिसत असताना एका कडेला लाल ठिपके उजळले, तर डॉक्टरांना कळतं की खरवडायचं कुठे. स्ट्रेप्टोकोकस मात्र असा चमकत नाही, आणि निळ्या उजेडाला तो बधतही कमी.

अतिनील किरणांची गोष्ट अगदी वेगळी. 254 नॅनोमीटरचा किरण ऑक्सिजनची वाट बघत नाही, थेट जंतूच्या डीएनएवर घाव घालतो. दुर्दैवाने आपल्याही. कातडी भाजते, डोळ्यांचा पारदर्शक पडदा सुजतो. 222 नॅनोमीटरचे किरण त्यामानाने सौम्य मानले जातात, कारण कातडीचा वरचा मेलेला थरच त्यांना शोषून घेतो. पण उघड्या जखमेवर तो थरच नसतो. त्यामुळे धडधाकट कातडीवरचे निष्कर्ष जखमेला जसेच्या तसे लावता येत नाहीत. घरी वापरायच्या अतिनील कांड्या ऑनलाइन मिळतात. 2022 मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने यांतल्या काहींबद्दल इशारा दिला होता, कारण त्या काही सेकंदांत इजा होईल इतके किरण सोडत होत्या. जखमेवर त्या अजिबात धरू नका.

आपल्याकडे आणखी तीन गोष्टींची यात गल्लत होते. एक, फिजिओथेरपीतला लाल दिव्याचा शेक. तो उष्णतेचा दिवा आहे, त्याने जंतू मरत नाहीत. मधुमेहाने पाय बधिर झालेला असेल तर चटका बसलेला कळतही नाही, आणि एका जखमेच्या दोन होतात. दुसरी, मंद लेझर किंवा लाल एलईडीचा नुसता उजेड. हंगेरीच्या एन्द्रे मेस्टरने 1960 च्या दशकात तो अभ्यासायला सुरुवात केली. त्याचा हेतू पेशींना भरून येण्यासाठी चालना देण्याचा, जंतू मारण्याचा नाही. क्लिनिकच्या जाहिरातीत ‘लेझरने जखम बरी’ असं लिहिलेलं असेल तर यांपैकी काय, ते विचारून घ्या.

तिसरी आपली हळद. जखमेवर हळद दाबणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. अमेरिकेत 1995 साली जखमेवरच्या हळदीचं पेटंट दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द करवून घेतलं, हे आपल्याला अभिमानाने आठवतं. आणि हळदीतलं करक्युमिन खरोखरच निळा उजेड शोषून असा दाहक ऑक्सिजन तयार करतं. दंतवैद्यकात त्यावर बरंच संशोधन झालं आहे. पण त्यात वापरतात ते शुद्ध करक्युमिन, मोजून विरघळवलेलं. डब्यातल्या हळदीत ते साधारण 2 ते 5 टक्के, पाण्यात जवळपास न विरघळणारं, आणि पूड निर्जंतुक नसते. खोल, चिघळलेल्या जखमेत ती भरली तर धुऊन काढणंच कठीण होतं, आणि खालचं मांस काळं पडतंय का हे डॉक्टरांना दिसत नाही.

आता मर्यादा. तिन्ही अटी आठवा, म्हणजे त्या आपोआप समोर येतात. वरून टाकलेला उजेड हाडापर्यंत जात नाही, त्यामुळे हाडाला लागलेली कीड त्याने जाणार नाही. कातडीखाली पसरत चाललेला संसर्ग किंवा रक्तात गेलेले जंतू त्याच्या आवाक्याबाहेरचे. तिथे शिरेतून अँटिबायोटिकच हवं. आणि मधुमेही पायाच्या रक्तवाहिन्या बंद झालेल्या असतील तर जखमेला ऑक्सिजनच कमी पडतो. मारेकरीच हजर नसेल तर रंग आणि उजेड काय करणार? अशा पायाला आधी रक्तपुरवठा तपासून तो सुधारावा लागतो. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या 10 कोटींच्या वर असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीतून 2023 मध्ये पुढे आला. अनवाणी शेतात जाणारे, चप्पल चावलेली न कळणारे यांत कितीतरी असतील. स्वस्त रंग आणि साधा एलईडी एवढ्यावर चालणारा उपचार तालुक्याच्या दवाखान्यात पोचावा, असं मला मनापासून वाटतं. पण तिथे तो नीट वापरायला जखम साफ करणारे हात आणि पायाची नाडी बघणारे डोळे आधी हवेत.

कुणी हा उपचार सुचवला तर डॉक्टरांना विचारा : रंग कुठला आणि उजेड कुठला, पायाचा रक्तपुरवठा तपासला का, हाडाचा एक्स-रे झाला का, बैठका किती, आणि चालू अँटिबायोटिक थांबवायचं की नाही. ते स्वतःहून थांबवू नका. आणि जखमेभोवतीची लाली तासागणिक वर चढतेय, ताप-थंडी आहे, बोट काळं पडतंय किंवा पेशंट बरळायला लागलाय, तर उजेडाच्या बैठकीची तारीख येईपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात न्या.